सापाच्या पेटीतली ऊब आणि ओलावा : पहिल्यांदाच साप पाळणाऱ्यांसाठी

साप खाईनासा झाला, खाल्लेलं उलटून टाकलं, कात तुकड्यातुकड्यांनी निघाली, नाकातोंडाशी बुडबुडे दिसू लागले, की नवा पाळणारा आधी खाद्यावर संशय घेतो. बहुतेक वेळा कारण पेटीतच सापडतं: एखादी बाजू जास्त तापलेली, दुसरी पुरेशी थंड नसलेली, किंवा हवा फार कोरडी वा फार ओली.

सापाचं शरीर आपल्यासारखी स्वतःची ऊब तयार करत नाही. (अंड्यांभोवती वेटोळं घालून स्नायू थरथरवत त्यांना ऊब देणाऱ्या काही अजगरांच्या माद्या हा अपवाद.) उबेसाठी तो उबेकडे सरकतो, पुरे झालं की लांब जातो. म्हणून संपूर्ण पेटी एकाच तापमानाला ठेवायची नसते. एका टोकाला उष्ण, दुसऱ्या टोकाला थंड आणि मध्ये हळूहळू उतरत जाणारं तापमान अशी रचना करायची, मग कुठे बसायचं ते साप ठरवतो. दुसरी गोष्ट, ऊब आणि आर्द्रता एकमेकींना बांधलेल्या असतात. एकीला हात लावला की दुसरीही हलते, त्यामुळे दोन्ही एकत्रच बसवाव्या लागतात.

तुम्ही राहता तिथल्या कायद्यानुसार ही प्रजाती पाळायला परवानगी आहे, नोंदणीचे आणि खरेदीचे कागद तुमच्याकडे आहेत आणि साप पकडून आणलेला नसून पाळीव जोडीपासून जन्मलेला आहे, हे इथे गृहीत धरलं आहे.

१. आधी प्रजातीचे आकडे लिहून काढा

‘सापाला किती तापमान लागतं?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. नेहमी पाळल्या जाणाऱ्या काही प्रजातींसाठी सुरुवातीला हे आकडे धरून चाला. सगळे सेल्सिअसमध्ये आहेत.

बॉल पायथन: उबदार जागा ३१ ते ३३ अंश, थंड बाजू २५ ते २७, आर्द्रता ६० ते ७५ टक्के.
बोआ कन्स्ट्रिक्टर: उबदार जागा ३१ ते ३३, थंड बाजू २५ ते २७, आर्द्रता ६० ते ७५ टक्के.
कॉर्न स्नेक आणि कॅलिफोर्निया किंगस्नेक: उबदार जागा २९ ते ३१, थंड बाजू २२ ते २५, आर्द्रता ४० ते ६० टक्के.
केनियन सँड बोआ: उबदार जागा ३३ ते ३५, थंड बाजू २५ ते २७, आर्द्रता ३० ते ४५ टक्के.

रात्री तापमान दोन-चार अंशांनी उतरलं तरी चालतं, फक्त बॉल पायथनची पेटी २४ च्या खाली जाऊ देऊ नका. एक सापळा इथेच आहे. इंटरनेटवरची बरीच माहिती फॅरनहाइटमध्ये असते आणि काही थर्मोस्टॅटही (तापमान ठरलेल्या आकड्यावर राखणारी यंत्रं) त्याच एककात सुरू होतात. ८८ अंश फॅरनहाइट म्हणजे ३१ अंश सेल्सिअस. यंत्र कोणत्या एककात चालतंय ते पहिल्याच दिवशी बघून घ्या.

२. सामान जमवा

- उष्णतेचं एक मुख्य साधन: हीट मॅट (तापणारी पातळ चटई), सिरॅमिक हीटर, हॅलोजन बल्ब किंवा छताला बसणारं हीट पॅनेल
- त्याला साजेसा थर्मोस्टॅट
- किमान आणि कमाल आकडा लक्षात ठेवणारे दोन डिजिटल थर्मामीटर-हायग्रोमीटर (हायग्रोमीटर म्हणजे आर्द्रता मोजणारं यंत्र), शक्यतो तारेच्या टोकाला प्रोब, म्हणजे मोजणारं टोक, असलेले
- पृष्ठभागाचं तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन
- एकसारख्या दोन हाइड, म्हणजे लपायच्या जागा, आणि ओल्या हाइडसाठी झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा
- जड तळाचं पाण्याचं भांडं, सब्सट्रेट (तळाला पसरायचा भुसा, साल वगैरेंचा थर), थोडं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ)
- एक वही

पैसे कमी पडत असतील तर सजावटीची झाडं आणि फांद्या मागे ठेवा, थर्मोस्टॅट मागे ठेवू नका. तो नसेल तर साप आणणं लांबवा. काटा फिरणारे, चिकटवायचे गोल हायग्रोमीटर घेऊच नका. ते कित्येक टक्क्यांनी चुकतात, आणि चुकतायत हे कळतही नाही.

‘हीट रॉक’ नावाने विकला जाणारा तापणारा दगड टाळा. तो एखाद्याच ठिकाणी भलताच तापतो. पोटाला चटका बसत असतानाही साप वेळेवर उठत नाही, आणि जखम दिसते तोवर खवल्यांखालचं मांस भाजलेलं असतं.

३. पेटीप्रमाणे उष्णता निवडा

वर जाळीचं झाकण असलेल्या काचेच्या टाकीतून ऊब आणि ओलावा दोन्ही वरून निसटतात. चारी बाजूंनी बंद, पुढे सरकती काच असलेल्या पीव्हीसीच्या किंवा लाकडी पेटीत दोन्ही टिकतात, पण हवा खेळण्यासाठी भोकं पुरेशी आहेत का ते पाहावं लागतं. दमट हवा लागणाऱ्या सापासाठी बंद पेटी बरीच सोपी पडते. सँड बोआ जाळीच्या टाकीतही मजेत राहतो.

हीट मॅट तळ तापवते, हवा फारशी नाही. खोलीच थंड असेल तर एकट्या मॅटवर भागत नाही. मॅट तळाच्या एक तृतीयांश भागापेक्षा मोठी नको, नाहीतर थंड बाजू उरतच नाही. काचेच्या टाकीला ती बाहेरून, तळाखाली लावतात. टाकी थेट टेबलावर टेकवू नका. चार कोपऱ्यांना छोटे पाय लावून खाली हवेला जागा ठेवा, नाहीतर कोंडलेल्या उष्णतेने काच तडकू शकते. जाड लाकडी तळाखाली मॅट लावून उपयोग नाही. ऊब वर पोचत नाही आणि लाकूड मात्र तापत राहतं.

सिरॅमिक हीटर उजेड न देता वरून ऊब देतो, म्हणून रात्रीही चालतो. त्याला सिरॅमिकचाच होल्डर लागतो, प्लास्टिकचा वितळतो. हवा तो चांगलीच कोरडी करतो. हॅलोजन दिवसा उत्तम: खालचा दगड किंवा फरशी तापते आणि सापाला उन्हासारखी खोलवर ऊब मिळते. रात्री मात्र कोणताही दिवा नको. लाल बल्ब ‘सापाला दिसत नाही’ म्हणून विकतात, त्यावर विसंबू नका. दिवस उजेडाचा आणि रात्र अंधाराची असेल तरच साप नीट वागतो.

पेटीच्या आत बसवलेल्या प्रत्येक बल्बला आणि सिरॅमिकला तारेची जाळी हवीच. साप उबेसाठी थेट बल्बला विळखा घालतात.

४. थर्मोस्टॅट आणि प्रोब: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

थर्मोस्टॅट तीन प्रकारचे मिळतात. चालू-बंद करणारा मॅटसाठी पुरतो. हॅलोजनला डिमिंगचा, म्हणजे वीज हळूहळू कमी-जास्त करणारा लागतो, कारण चालू-बंदवाल्यावर बल्ब सतत उघडझाप करतो, साप बिचकतो आणि बल्बही लवकर जातो. सिरॅमिकसाठी पल्स प्रकारचा, म्हणजे थांबून थांबून थोडी थोडी वीज सोडणारा चांगला. थर्मोस्टॅटवर जास्तीत जास्त किती वॅटचा भार चालेल ते छापलेलं असतं, त्याच्या आत राहा.

थर्मोस्टॅटला फक्त प्रोबच्या टोकाचं तापमान कळतं. पेटीत इतर ठिकाणी काय चाललंय याची त्याला गंधवार्ता नसते. प्रोब थंड बाजूला सरकला, पाण्याच्या भांड्यात पडला किंवा सापाने त्यावर लघवी केली, तर थर्मोस्टॅटला वाटतं पेटी गार आहे, आणि तो हीटर चालूच ठेवतो. भाजलेल्या सापांमागे अनेकदा हेच कारण असतं.

मॅट असेल तर प्रोब बाहेरून, मॅट आणि तळाच्या मध्ये बसवा. तिथे साप त्याला हलवू किंवा भिजवू शकत नाही. सुरुवातीला थर्मोस्टॅट ३३ वर ठेवा आणि तीन तास जाऊ द्या. मग आतला सब्सट्रेट हाताने बाजूला सारून उघड्या काचेवर गन धरा. साप नेमकं हेच करतो: सब्सट्रेट उकरून थेट काचेवर पोट टेकतो. म्हणून वरच्या थराचं नव्हे, काचेचं तापमान प्रजातीच्या आकड्यात बसायला हवं. कमी-जास्त असेल तर एकेक अंश बदला, पुन्हा दोन तास थांबा, पुन्हा मोजा. मॅटच्या वरच्या भागात सब्सट्रेट दोन सेंटिमीटरपेक्षा जाड ठेवू नका. जाड थराखाली उष्णता अडकते, वरून मोजलं तर गार लागतं, मग आपण थर्मोस्टॅट वाढवतो आणि खालची काच पोळायला लागते.

वरून ऊब देत असाल तर प्रोब उबदार बाजूला, सापाच्या पाठीच्या उंचीवर म्हणजे तळापासून पाच ते आठ सेंटिमीटरवर, पक्का बसवा. पेटीच्या आत चिकटपट्टी कधीही वापरू नका. ती सुटते, सापाला चिकटते आणि ओढली की खवले सोलून निघतात. चिकटलीच, तर खाद्यतेल लावून हळूहळू सोडवा. प्रोब बसवायला वायर क्लिप, सक्शन कप किंवा साप आत नसताना लावलेला हॉट ग्लू वापरा.

थर्मोस्टॅट बिघडतोही. आतला रिले (वीज जोडणारा-तोडणारा भाग) चिकटून हीटर कायम चालू राहणं हा त्यातला धोकादायक बिघाड. त्यावर उपाय म्हणजे दुसरा साधा थर्मोस्टॅट त्याच ओळीत जोडायचा आणि पहिल्यापेक्षा तीन अंश वर लावून ठेवायचा. पहिला अडकला तर दुसरा वीज तोडतो. वायर प्लगपर्यंत नेताना तिला प्लगच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातच टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही.

५. मोजणारी यंत्रं आधी तपासा

हायग्रोमीटर घरच्या मिठाने तपासता येतो. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूइतकं करा, पण वर पाणी साचू देऊ नका. झाकण आणि हायग्रोमीटर एका हवाबंद पिशवीत ठेवा, दोन्हींचा स्पर्श होऊ देऊ नका. खोलीच्या तापमानाला १२ ते २४ तासांनी आत ७५ टक्के आर्द्रता असते. तुमचा ७० दाखवत असेल तर तो पाचने कमी दाखवतो. तसं चिठ्ठीवर लिहून त्यालाच चिकटवा. थर्मामीटरचा प्रोब पाण्यात बुडवायला चालणारा असेल तर बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून ढवळलेल्या पेल्यात शून्य अंश येतंय का बघा.

एक हायग्रोमीटर उबदार बाजूला, एक थंड बाजूला, दोन्ही तळाजवळ लावा. वरच्या भिंतीवर लावला तर तो छताची हवा मोजतो, आणि साप राहतो खाली. गन फक्त पृष्ठभाग मोजते, हवा नाही. काचेच्या पलीकडचंही तिला दिसत नाही, ती काचच मोजते. चकचकीत धातूवर ती हमखास चुकते.

६. लपायच्या जागा दोन, एकसारख्या

एकच हाइड थंड बाजूला असेल तर घाबरलेला साप तिथेच बसून राहतो, अंग थंड पडलं तरी. सुरक्षितता की ऊब अशी निवड त्याच्यावर लादू नका. दोन्ही बाजूंना एकसारखी, वेटोळं घालून बसल्यावर पाठ आणि कडा टेकतील इतकी तंग हाइड ठेवा. उबदार हाइडच्या आतलं तापमानही वेगळं मोजा, ते बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंश जास्त निघू शकतं.

७. आर्द्रता: फवारणीवर विसंबू नका

आधी एक हिशोब. थंड बाजूला २४ अंशांना हायग्रोमीटर ८० टक्के दाखवत असेल, तर तीच हवा उबदार बाजूला ३२ अंशांपर्यंत तापल्यावर साधारण ५० टक्केच दाखवते. पाणी तेवढंच असतं, पण गरम हवा जास्त पाणी धरू शकते म्हणून टक्का उतरतो. नवखा माणूस उबदार बाजूचे ५० पाहून फवारा मारतो, थंड बाजूला सगळं चिंब होतं आणि आठवड्याभरात सापाच्या पोटाखालचे खवले तपकिरी पडायला लागतात. दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय पाणी घालू नका. मुख्य आकडा थंड बाजूचा धरा.

वरून फवारलेलं पाणी तासा-दोन तासांत उडून जातं. आर्द्रता टिकते ती सब्सट्रेटच्या खालच्या थरात धरलेल्या ओलाव्यामुळे. नारळाच्या सालीचे तुकडे, काथ्याचा भुसा आणि सायप्रस मल्च (सायप्रस झाडाचा भुगा) हे पाणी चांगलं धरतात. थर सात-आठ सेंटिमीटरचा ठेवा. अर्थात जिथे तळाखाली मॅट आहे तिथे मागचा दोन सेंटिमीटरचा नियमच लागू. जाड थर हवा असेल तर ऊब वरून द्या. मग कोपऱ्यांमधून सावकाश पाणी ओता, मध्यम पेटीला एका वेळी पाव ते अर्धा लिटर, आणि एक दिवस थांबा. हाताने उकरून बघा: तळ ओलसर आणि वरचे दोन बोटं कोरडे असायला हवेत. साप कोरड्यावर बसतो आणि हवा दमट राहते.

आर्द्रता आणि ओल या वेगळ्या गोष्टी आहेत. ७५ टक्के आर्द्रतेत कोरड्या तळावर बसलेला बॉल पायथन ठणठणीत राहतो. ५० टक्के आर्द्रतेत ओल्या कागदावर बसलेला साप खवल्यांच्या कुजीने आजारी पडतो.

जाळीच्या झाकणाचा तीन चतुर्थांश भाग अॅक्रिलिकच्या पत्र्याने किंवा अॅल्युमिनियम फॉइलने झाकला तर फरक लगेच दिसतो. बल्बच्या आसपासची जाळी उघडीच ठेवा. रुंद तोंडाचं पाण्याचं भांडं उबदार बाजूकडे सरकवलं तरी आर्द्रता वाढते. भोकं बुजवून मात्र वाढवू नका. कोंदट, न हलणाऱ्या हवेत बुरशी धरते आणि श्वसनाचे आजार वाढतात. पेटी उघडल्यावर मातीचा ताजा वास आला तर ठीक, कुबट वास आला तर हवा खेळत नाहीये.

घरातली हवाच दमट असेल आणि तुमचा साप कोरड्या प्रदेशातला असेल तर उलट करा: भांडं छोटं, तळाला कागद किंवा अॅस्पेन झाडाच्या लाकडाचा भुसा, भोकं मोकळी, खोलीत पंखा. पंख्याचा झोत पेटीवर नको. अॅस्पेन ओला झाला की त्याला बुरशी येते, तेवढा भाग लगेच काढून टाका. देवदाराचा भुसा कोणत्याही सापाला नको, त्यातली तेलं विषारी असतात.

कोरड्या हवेत राहणाऱ्या सापालाही एक ओली हाइड द्या. झाकणाच्या डब्याला सापाच्या जाडीच्या दीडपट भोक पाडा, कडा घासून गुळगुळीत करा, आत भिजवून पिळलेलं मॉस भरा. पिळल्यावर थेंब पडता कामा नये. मॉस दर पंधरवड्याला बदला, घाण झालं तर त्याच दिवशी.

८. रिकामी पेटी आठवडाभर चालवा

सगळं बसवून झालं की साप न आणता सात दिवस पेटी चालू ठेवा. रोज सकाळ-संध्याकाळ दोन्ही बाजूंचे किमान-कमाल आकडे वहीत लिहा, सोबत खोलीचं तापमानही. कमाल आकडा एकदाही ३६ च्या वर गेला असेल तर कारण सापडेपर्यंत साप आणू नका. पहाटे थंड बाजू फार उतरत असेल, दुपारी खिडकीतून ऊन येत असेल, तर याच आठवड्यात कळतं. काचेच्या टाकीवर थेट ऊन पडलं तर थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, पण ऊन बंद करू शकत नाही.

९. साप आल्यावर त्याच्या जागेवरून ओळखा

कायम थंड टोकाला चिकटून असेल तर उबदार बाजू जास्त तापली असण्याची शक्यता मोठी. कायम उबेवर असेल तर थंड बाजू फार गार आहे, किंवा आजारी साप ऊब शोधतो आहे. जेवल्यावर दोन-तीन दिवस उबेवर पडून राहणं मात्र अगदी बरोबर. पचनाला ऊब लागते, गार पेटीत पोटातलं खाद्य पचण्याऐवजी सडतं आणि बाहेर येतं. असं झालं तर आधी तापमान तपासा, मग दहा ते चौदा दिवस काही देऊ नका, नंतर नेहमीपेक्षा लहान खाद्य द्या.

पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास बसणं म्हणजे बहुधा उकाडा, कोरडी हवा किंवा गोचिडीसारखे बारीक माइट. पाण्यात मिरीच्या भुकटीसारखे काळे ठिपके तरंगताना दिसले तर माइटच समजा. काचेवर नाक घासत सतत फिरणं हेही तापमान तपासण्याचं कारण.

१०. कात टाकण्याचे दिवस

डोळे निळसर-दुधी झाले, रंग मळकट झाला की आर्द्रता दहा टक्क्यांनी वाढवा आणि ओलं मॉस ताजं करा. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात, त्यानंतर साधारण आठवड्याच्या आत कात पडते. मधल्या काळात हाताळू नका, खाद्याचा आग्रहही धरू नका. निरोगी सापाची कात सहसा अखंड, उलट्या मोज्यासारखी निघते. निघाल्यावर ती उलगडून दोन्ही डोळ्यांच्या टोप्या (डोळ्यांवरचे पारदर्शक खवले) आणि शेपटीचं टोक आलंय का बघा. शेपटीवर राहिलेलं कातेचं कडं सुकून आवळतं आणि पुढचा भाग मरतो.

तुकडे राहिले असतील तर भोकं असलेल्या डब्यात कोमट पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल घालून सापाला अर्धा तास ठेवा. पाणी २८ ते ३० अंश, त्याहून गरम नको. टॉवेलमधून सरकतानाच बरीचशी कात सुटते. डोळ्याची टोपी राहिली तर चिमट्याने किंवा नखाने काढू नका. पुढच्या कातेपर्यंत आर्द्रता नीट ठेवा, तेव्हाही नाही निघाली तर डॉक्टरांकडे न्या.

११. वीज गेली, किंवा उकाडा फार वाढला

गारव्यापेक्षा उष्णता जास्त लवकर मारते. काही तास २० अंशांपर्यंत उतरलेली पेटी निरोगी सापाला सहसा बाधत नाही. ३८ ते ४० अंशांना मात्र थोड्या वेळातच जिवावर बेततं.

वीज गेली तर पेटी उघडू नका. हवेची भोकं सोडून बाकी भाग जाड पांघरुणाने झाका. गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून पेटीला बाहेरून टेकवा, आत ठेवू नका. वीज परत येण्याआधी बल्ब आणि सिरॅमिकवरचं पांघरूण काढलंय याची खात्री करा, आग लागते ती इथेच. वीज जाण्याचा अंदाज असेल त्या दिवशी खाऊ घालू नका.

खोलीच ३२ च्या वर गेली तर हीटर बंद करा, पेटी घरातल्या सर्वांत गार खोलीत जमिनीवर हलवा. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून थंड बाजूच्या झाकणावर ठेवा. बर्फ थेट सापाजवळ किंवा त्याच्या पाण्यात नको.

१२. डॉक्टरांकडे केव्हा, आणि काय घेऊन

तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, तोंडातून चिकट स्राव, हनुवटी वर करून बसणं, पोटावर लाल किंवा तपकिरी डाग आणि फोड: यांपैकी काहीही दिसलं तर तापमान वाढवून वाट बघू नका. सरपटणारे प्राणी तपासणारा डॉक्टर साप आणण्याआधीच शोधून ठेवा. जाताना किमान-कमाल आकड्यांची वही, पेटीचा प्रोब दिसेल असा फोटो, शेवटच्या तीन-चार जेवणांच्या आणि कातेच्या तारखा, सापाचं वजन आणि जमल्यास ताजी विष्ठा डबीत न्या. सापाला कापडी पिशवीत घालून पिशवी भोकं असलेल्या डब्यात ठेवा, आणि वाटेतही डब्यातलं तापमान २५ ते २८ च्या दरम्यान राहील असं बघा.